भुईवर आळ

माझ्या कामात संशयी असणं हा अवगुण मानत नाहीत. तो अंगी नसेल तर आणावा लागतो. माझ्या अंगी तो आधीपासून होता. इंग्रजी माध्यमाच्या शाळेत शिकलेली, घरी मराठी बोलणारी आणि दोन्हीकडे जराशी परकी ठरलेली मुलगी तोंड उघडण्याआधी समोरच्याचा चेहरा वाचायला शिकते. संपादकांनी कामाच्या आठवणी लिहायला सांगितलं तेव्हाही मी आधी विचारलं, पत्ता चुकला नाही ना?

मी भूकंपाच्या नोंदी वाचायची. किल्लारीच्या भूकंपानंतर लोकांचा पायाखालच्या जमिनीवरचा विश्वास उडाला होता. कुठे फडताळ हललं, कुठे भिंत फुगली, की तहसिलीत अर्ज येई. म्हणून पुण्याच्या एका कार्यालयानं काही तालुक्यांत तात्पुरती यंत्रं बसवली आणि ती सांभाळायला नुकत्याच एम.एस्सी. झालेल्या आमच्यासारख्यांना हंगामी नेमलं. मी बारामतीजवळ जळोचीला एक खोली घेतली. तिथून स्टँडवर यायचं आणि इंदापूरकडे जाणाऱ्या एसटीनं निरवांगीच्या पुढच्या एका वाडीवर जायचं, आठवड्यातून दोनदा. वाडीचं नाव लिहीत नाही, माणसांची नावंही बदलली आहेत. ती माणसं अजून तिथंच आहेत आणि वाचणारी आहेत.

यंत्र म्हणजे काय, ते सांगते. कातळावर ठेवलेला एक जड डबा. जमीन हलली की डब्याच्या आतलं वजन मागे राहतं आणि त्या फरकाची वीज दोन तारांतून शेजारच्या पेटीत जाते. पेटीत एक ढोल सावकाश फिरत असतो. ढोलाला गुळगुळीत कागद गुंडाळलेला, आणि त्या कागदावर रॉकेलच्या चिमणीची काजळी धरलेली. सुई काजळी खरवडत जाते, काळ्यावर पांढरी रेघ उमटते. दिवसभरानं कागद काढायचा, स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या लाखेत बुडवायचा आणि दोरीवर वाळत घालायचा, नाहीतर बोट लागलं की अख्खा दिवस पुसून जातो. ही पद्धत तेव्हाच जुनी झाली होती. पण वीज गेली तरी काजळी जात नाही, म्हणून आम्हाला तीच दिली होती.

ती रेघ सगळंच लिहिते. ट्रॅक्टर, वादळ, विहिरीवरचं इंजिन, दावं तोडून पळालेली म्हैस. भूकंप त्यातून शोधायचा. बारामतीतल्या एका निवृत्त गृहस्थांच्या घरी रोज पहाटे मांडणीवरची भांडी वाजत. त्यांनी तीन अर्ज केले होते. मी गेले, बसले आणि भिंतीला हात लावून पाहिला. भिंतीपलीकडे भाड्यानं दिलेल्या खोलीत पिठाची गिरणी आली होती. गृहस्थ माझ्यावर इतके नाराज झाले की समोर आणलेला चहा त्यांनी स्वतःच प्यायला. आपला भूकंप कुणी हिरावून घेतलेला माणसाला आवडत नाही.

वाडीवरची गोष्ट याच्या उलटी झाली.

तिथं आमचं यंत्र खरात तात्यांच्या शेतातल्या कोठीत होतं. तात्यांच्या वडिलांपर्यंत त्यांच्या घरात मेंढरं होती. तात्यांनी ती विकून शेती धरली होती. कोठीच्या जमिनीतून कातळ वर आलेला होता, आम्हाला तेवढंच हवं होतं. तात्यांची सून सुमन हिला आम्ही रोजचा कागद बदलायला शिकवलं. काजळी धरण्यात तिचा हात माझ्यापेक्षा चांगला होता. एकच गोष्ट मी तिला बजावली होती, तारांना हात लावायचा नाही.

वाडीला मात्र यंत्राचा भरवसा वाटत नव्हता. कुणी म्हणे धरणाची मोजणी चाललीय, कुणी म्हणे कालवा जमिनीतून जाणार. शाळेच्या गुरुजींनी पहिल्याच भेटीत माझी परीक्षा घेतली.

“बाई, ही पेटी भूकंप आधी सांगती का मागनं?”

“झाल्यावर नोंदवते.”

“मग तिचा उपेग काय? झाल्यावर आमालाबी कळतंय की.”

सगळे हसले. मला उत्तर सुचलं, पण एसटीत बसल्यावर.

तात्या त्या वर्षी विहीर खोदत होते. घरापासून आणि कोठीपासूनही मैलभर लांब, शाळेजवळच्या मळ्यात. डाळिंबाची रोपं लावून झाली होती, आणि जुन्या विहिरीनं आदल्या उन्हाळ्यात दगा दिला होता. नवी विहीर कातळात उतरली होती. कातळ फोडायला दगडू मिस्त्री होता. तो पहारीनं भोकं पाडून त्यांत दारू ठासायचा, दुपारी माणसं भाकरीला वर आली की “बार हाय रंऽऽ, लांब व्हा!” अशी आरोळी द्यायचा आणि वात पेटवून पळायचा. मग यारीनं, म्हणजे विहिरीच्या काठावरच्या त्या लोखंडी उंच दांड्यानं, फुटलेला दगड वर ओढायचा. त्याचे बार माझ्या कागदावर रोज दुपारी ठिपक्यासारखे दिसत. मला ते ओळखीचे झाले होते.

दसऱ्याला दगडूची माणसं आपापल्या गावी गेली, मी पुण्याला गेले. परत येऊन दोन-चार दिवस झाले असतील. बारामतीच्या स्टँडवर कंडक्टरनंच मला बातमी दिली.

“तुमच्या वाडीवर काल भूकंप झाला म्हणं. न्हायतर सुरुंग. ज्याला जे पटंल ते.”

वाडीवर पोचले तेव्हा शाळेची मागची भिंत पडवीवर पडलेली होती. जुनी दगडमातीची भिंत. मुलं जेवायला लिंबाखाली बसली होती, म्हणून कुणाला काही झालं नाही. पण गुरुजी अजून पडलेल्या दगडांभोवती फेऱ्या घालत होते, आणि घाबरलेल्या माणसाला सगळ्यात आधी दोषी माणूस लागतो.

“बाराची येळ कुठली? दुपारची,” ते मला म्हणाले. “हादरा कवा बसला? दुपारी. दगडूची माणसं गावासनं आली कवा? त्याच सकाळी. आनखी काय यंत्र लागतंय? मी सोता हिरीतनं धुरळा उठल्याला बगितलाय.”

“आरोळी ऐकली?”

“न देताच उडीवला.”

दगडू शपथा घेत होता. म्हणाला, त्या दिवशी भोकंसुद्धा पाडली नव्हती, आधीचा पडलेला दगड काढत होतो; धुरळा काठावरचा ढीग घसरला त्याचा. वाडीनं त्याची दारू आणि ती उडवायच्या केपा पोलीस पाटलाच्या घरात कुलपात ठेवल्या होत्या. महसुलाच्या सर्कलसाहेबांनी येऊन तोंडी हुकूम दिला होता, यंत्राचा कागद काय म्हणतो ते कळेपर्यंत विहीर बंद. बाराचं निघालं तर दगडूचा परवाना जाणार आणि तात्यांची विहीर बुजवायला लावणार.

तात्या माझ्याशी एकच वाक्य बोलले. “हिरीच्या बुडाला दगड वला लागलाय, बाई. हितं थांबली तर रोपं गेली.”

मी कागद घेऊन खोलीवर आले आणि भिंग लावून बसले. धक्का होता, आणि जवळचा होता. भूकंपाच्या दोन प्रकारच्या लाटा निघतात, एक वेगानं येते, दुसरी मागून. दोन्हींतलं अंतर जितकं कमी तितकं ठिकाण जवळ. इथं दोन्ही इतक्या चिकटून आल्या होत्या की भिंगाखालीही वेगळ्या होईनात. म्हणजे फार तर मैल-दोन मैल. विहिरीला फिट बसणारं अंतर.

पण त्या दुपारी कागदावर दुसरंही काही होतं. रेघ बराच वेळ आधीपासून हलकी डुलत होती. आमचं यंत्र जवळच्या धक्क्यांसाठीचं, तरी त्याला कुठलीतरी लांबची मोठी लाट पुसट जाणवत होती. मी एसटीडी बूथवरून पुण्याला साहेबांना फोन केला. त्यांनी मोठ्या यंत्राचा कागद पाहून सांगितलं, दूर पूर्वेच्या समुद्रात मोठा भूकंप झाला होता, त्याच्या लांब लाटा त्याच वेळी आपल्याकडून जात होत्या.

मला एकदम एक गोष्ट आठवली. मोठ्या भूकंपाच्या लाटा जाता जाता शेकडो मैलांवर लहान धक्के जागे करतात, असं दोन वर्षांपूर्वी अमेरिकेत काहींनी दाखवलं होतं, आणि त्यावर जाणकारांत वाद चालू होता. मोठ्या धक्क्यानंतर त्याच्या आसपास मागचे लहान धक्के येतात हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण इतक्या लांब? ही कल्पना समजायला आपल्याकडची उसाची ट्रॉली बरी. मोळ्या वरपर्यंत रचलेल्या, दोर ताणलेला. चाक खड्ड्यातून जातं आणि वरची एक मोळी घसरते. खड्ड्यानं ती ओढली नाही, ती आधीच घसरायला आलेली होती. लांबची लाट म्हणजे तो खड्डा. जिथं जमीन आतून तुटायला आलेली असते, तिथंच काही होतं. बाकी सगळीकडून ती मुकाट जाते.

दुसरा पुरावा त्याहून चांगला वाटत होता. सुरुंग चारी बाजूंना बाहेर ढकलतो, म्हणून त्याच्या धक्क्यात सुई पहिल्यांदा वरच जाते. भूकंपात जमीन सरकते, एकीकडे ढकलते आणि दुसरीकडे ओढते. त्यामुळे सुई वरही जाऊ शकते, खालीही. दगडूचे आधीचे सगळे बार वर गेले होते. हा धक्का खाली गेला होता.

“सर, हा बार नाही,” मी फोनवरच म्हणाले.

 साहेब ओरडत नसत. शांतपणे टोचत. “तुला तो बार नको आहे. ते वेगळं. यंत्र ज्याच्या घरात आहे, विहीर त्याचीच ना? मग कागदाआधी तारा तपासून ये.”

मला राग आला. पण ज्याचा राग येतो ती शंका आधी तपासायची, हेही त्यांनीच शिकवलं होतं.

कोठीत गेल्याबरोबर झेंडूच्या सुकलेल्या पाकळ्या दिसल्या. पेटीच्या झाकणावर हळदीचं बोट होतं. तारा जिथं बसवतात ते दोन्ही स्क्रू मळके असायचे, ते लखलखत होते.

“सुमन, तारा काढल्या होत्या?”

“न्हाय ताई. मी कशाला काढू?” ती माझ्याकडे न बघता म्हणाली.

मी डबा दोन्ही हातांनी केसभर वर उचलला. डबा वर गेला तर सुई वर जायला हवी. सुई खाली गेली. पुन्हा उचलला. पुन्हा खाली. तारा उलट्या बसल्या होत्या. वरचं खाली लिहिलं जात होतं, म्हणजे दुपारचा तो ‘खाली’ गेलेला धक्का खरं तर वर गेला होता. बार जातो तसा. माझा पुरावा माझ्या हातातच मेला.

“कुणी काढल्या?” माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

दारात तात्यांची बायको, जिला मी मावशी म्हणायची, शेण लागलेले हात घेऊन उभी होती. “माज्याशी बोला. तिला का खाताय? खंडेनवमीला कोयता पुजला, कुदळ पुजली, इंजान धुतलं. मग तुमची पेटी तेवढी उपाशी ठेवायची व्हय? वरीसभर राबती ती बी. मीच म्हनलं, पूस चांगली, काय तारा-बिरा आडव्या येत असत्याल त्या काड.”

“आणि परत लावल्या?”

“लावल्या की. दोन तारा, दोन भोकं. त्यात काय शिकायचंय?”

सुमननं पदरानं डोळे पुसले. “तुमी हात लावू नका म्हनला हुता, ताई. सांगितलं आसतं तर काम गेलं आसतं माजं.”

मावशी माझ्यावर खेकसली, “आन देवाला हात जोडलं म्हून कुनाचं काम जातंय का? कसलं म्हनायचं हे हापिस?”

मी तारा नीट बसवल्या आणि निघाले. परतीच्या एसटीत मी या घरावर संशय घेत बसले. तारा खंडेनवमीलाच काढल्या कशावरून? धक्का बसल्यानंतर, कुणाच्या सांगण्यावरून, कशावरून नाही? तसं असेल तर दुपारची सुई खरोखर खाली गेली होती आणि तात्या सुटत होते. मग त्या दोघींना तसं सांगण्यात फायदा होता, तरी त्यांनी तसं सांगितलं नव्हतं. घराला बुडवणारी तारीख मावशीनं स्वतःच सांगितली होती. हे लक्षात आल्यावर मला हायसं वाटायला हवं होतं, पण मी ठरवलं की सगळे कागद पुन्हा पाहायचे. तारा काढल्या त्या वेळी रेघ तुटलेली असणार.

रेघ खंडेनवमीच्या सकाळी तुटलेली होती. मावशी खरं बोलली होती.

पण ते शोधताना मी दसऱ्यापासूनचा एकेक ओरखडा भिंगाखाली घेतला होता, आणि त्यात धक्क्यानंतरचे कागदही आले. ते मी आधी नीट पाहिलेच नव्हते. कारण होतं. तात्यांच्या नात्यातल्या एकाची मेंढरांची खांड त्या संध्याकाळी शेजारच्या शेतात खतासाठी बसली होती. खांड बसली की कागदावर सगळी रात्र कुरळ्या मिशा उमटतात. मी ते सगळं मेंढरांच्या खाती टाकून बाजूला ठेवलं होतं.

मिशांमध्ये काही वेगळे ओरखडे होते. मेंढरांची चाल हळू हळू वाढते आणि हळू हळू विरते. हे ओरखडे सुरीनं मारल्यासारखे सुरू होत होते. इवलेसे, कुणाला जाणवणार नाहीत असे. दुपारच्या धक्क्यानंतर लगेच दोन. मग संध्याकाळी, मग उजाडताना, आणि मग विरळ होत होत बंद. मी त्यातला एक भिंगाखाली ठेवला आणि शेजारी दुपारचा मोठा धक्का. दोघांचं वळण एकच. थोरल्या भावाचं नाक जसं धाकट्याच्या तोंडावर दिसतं तसं. एकाच जागेहून आलेल्या धक्क्यांचंच असं होतं.

ट्रॉलीवरची एक मोळी घसरली की मागून आणखी दोन-चार घसरतात. बाराच्या मागून बार येत नाहीत. शिवाय दारू तोपर्यंत पोलीस पाटलाच्या कुलपात गेली होती.

“आणि त्यानं थोडी लपवून ठेवली असेल तर?” साहेबांनी फोनवर विचारलं.

“लपवता येईल सर. पण लपून उडवता येणार नाही. विहिरीतला बार वाडीतल्या कुत्र्यांनाही कळतो. हे कुणालाच कळले नाहीत.”

“आणि लांबच्या लाटेनं झालं, असं लिहिणार?”

“लाट जात असताना झालं, असं लिहीन.”

“ते बरं,” ते म्हणाले. “एवढ्यावरून सिद्धांत होत नाही. नोंद होते.” त्यांच्याकडून मला मिळालेली ती सर्वांत मोठी शाबासकी.

सर्कलसाहेबांनी शाळेच्या पटांगणात सगळ्यांना बोलावलं. मला चार माणसांत बोलायची सवय नव्हती. मराठी शब्द आठवताना मधेच थांबावं लागे, आणि मी थांबले की लोकांना वाटे, ही काहीतरी लपवतेय. तरी मी सांगितलं. हा बार नव्हता, लहान भूकंप होता, मागून आलेल्या बारक्या धक्क्यांवरून कळतं. कागद फिरवला. कुणी तो उलटा धरला, कुणी वास घेतला. लांबच्या भूकंपाचं सांगितलं तेव्हा एकजण म्हणाला, “समिंदरात कुनी शिंकलं तर आमाला पडसं व्हनार, आसं म्हना की!”

हशा झाला. गुरुजी हसले नाहीत.

“म्हंजी दोष कुनाचाच न्हाय?”

“कुणाचाच नाही.”

“तुमी ऱ्हाताय तात्याच्या कोठीत—”

“मी जळोचीला राहते. यंत्र कोठीत राहतं. आणि त्याच्या तारा उलट्या लागल्या होत्या, त्यामुळे एक पुरावा वाया गेला, हेही मी अहवालात लिहिलंय.”

मावशीनं माझ्याकडे असं पाहिलं की त्या आठवड्यात मी तिच्याकडे भाकरी मागितली नाही. पण ते सांगितल्यावरच गुरुजींचा चेहरा बदलला. स्वतःच्या विरुद्ध जाणारी गोष्ट मी बोलले, म्हणून बाकीच्याही त्यांना खऱ्या वाटू लागल्या असाव्यात. ते खाली बसले. मला वाटलं होतं, आता लोक सुटकेचा श्वास टाकतील.

मागून एक बाई म्हणाली, “दगडूला वाडीतनं हाकालता तरी आलं आसतं. भुईला कुठं हाकालायचं?”

त्या एका वाक्यात मला माझं काम कळलं. बार असता तर वाडी दगडूवर चिडली असती आणि घरात निवांत झोपली असती. मी एका माणसावरचा आळ काढून तो सगळ्यांच्या पायाखाली ठेवला होता. त्या आठवड्यात वाडीतल्या खाटा अंगणात आल्या.

सर्कलसाहेबांनी विहिरीला परवानगी दिली. दारूचं कुलूप उघडलं. दोन दिवसांनी मी कागद न्यायला गेले तर सुमन म्हणाली, “ताई, आधी हिरीवर जावा. मामंजींनी निरोप ठेवलाय.”

विहिरीच्या काठावर यारी उभी होती आणि दगडूची माणसं तिच्या सावलीत बसली होती. कुणीही खाली उतरलेलं नव्हतं. तात्या उपरण्यानं उगाच मान पुसत होते.

“हे उतरत न्हाईत,” ते मला म्हणाले. “तुमीच बोला.”

दगडू उठला. ज्याला मी सोडवलं तो माणूस माझ्याकडे पोलीस पाटलाकडे पाहावं तसा पाहत होता. “बाई, बार माजा नव्हता, ते बरं झालं. पर मग तो हादरा हितलाच न्हवं? हिरीच्या आसपासचा?”

“हो. मैल-दोन मैलांतला.”

“आन परत व्हईल?”

“सांगता येत नाही.”

“व्हय म्हना, न्हायतर न्हाय म्हना. माज्या सुरुंगाचं मी सांगतो. वात किती, पळायचं किती. तुमच्या भुईला वात कुठाय?”

मी म्हणाले, बारके धक्के आता थांबलेत, शक्यता कमी कमी होत जाते, पण शून्य होत नाही. हे वाक्य इंग्रजीत फार समंजस वाटतं. विहिरीच्या काठावर ते मला स्वतःलाच पळपुटं वाटलं.

तात्या म्हणाले, “बाई, तुमी मला सोडीवलं का बुडीवलं, तेच कळंना.”

त्यांच्या आवाजात राग नव्हता, फक्त हिशेब लागत नव्हता. मी खाली पाहिलं. बुडाला कातळ ओला होता, चमकत होता. उतरा म्हणायचा मला अधिकार नव्हता. उतरू नका म्हणायलाही माझ्याकडे आधार नव्हता. एकच गोष्ट माझ्या विद्येत बसत होती. जमिनीचं नाही, पण या चार भिंतींचं मला काही सांगता आलं असतं. कुठल्या थराला चीर आहे, कुठला दगड नुसता टेकलेला आहे.

“मला खाली सोडा,” मी म्हणाले. “मी भिंती बघते.”

“तुमी?” दगडूनं माझ्या ओढणीकडे पाहिलं. “आन खाली आसताना हाललं तर?”

“तर तुम्हाला कळेल.”

कुणीतरी हसू दाबलं. मी ओढणी कमरेला बांधली, चपला काठावर ठेवल्या आणि यारीच्या लोखंडी डब्यात उभी राहिले. डबा गरगरत खाली जाऊ लागला. मी डोळे मिटले नाहीत. भिंत बघायलाच उतरत होते. उत्तरेच्या बाजूला दगडाची एक मोठी चिप सुटलेली दिसली, मधे बोट जाईल इतकी फट. खालून मी ओरडून सांगितलं. वर काही कुजबुज झाली. डबा वर गेला आणि परत आला, तेव्हा त्यात दगडू होता, हातात पहार.

त्यानं चिपेवर पहार वाजवली. पोकळ आवाज आला. मला पलीकडच्या कोपऱ्यात उभं करून त्यानं फटीत पहार घालून हिसका दिला आणि चिप धाडकन खाली आली. वरून तात्यांची हाक आली, दगडूनं “बरं हाय, बरं हाय” म्हणून उत्तर दिलं. मग आम्ही दोघांनी भिंतीला भिंत फिरून पाहिलं. मी दाखवायची, तो वाजवायचा. एक-दोन दगड आणखी काढले. बाकीचं पक्कं होतं. पायाखाली पाणी नव्हतं, पण तळवे ओले झाले होते.

वर आभाळाचा एक गोल तुकडा होता आणि त्याच्या काठावर ओळीनं डोकी.  ते माझ्याकडे नाही, दगडूकडे बघत होते. दगडू मात्र माझ्याकडे बघत होता, अजूनही थोडा संशयानंच.

“काय म्हंती भुई?” त्यानं विचारलं.

मी कातळावर हात ठेवला. गार होता. खरं तेच सांगायचं होतं. “मला काही कळत नाही, दगडूभाऊ.”

तो हसला. त्या सगळ्या दिवसांत पहिल्यांदाच. “मग आमच्यातल्याच की तुमी,” असं म्हणून त्यानं एक घमेलं माझ्याकडे सरकवलं आणि वर तोंड करून आपल्या माणसांना हाक मारली, “बाईला एकलीला राबवताय का रं? या की खाली!”